मुद्रित अक्षरे वाचणारा हस्त-स्कॅनर : त्याची जुळणी व तिच्यामागील तत्त्व

हाती धरून चालवावयाचा स्कॅनर आता दुकानांतून, ग्रंथालयांतून व रुग्णालयांतून सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्याचे नेहमीचे काम बारकोड वाचण्याचे. परंतु ज्या स्कॅनरांत प्रतिमा टिपण्याची सोय असते त्यांपैकी पुष्कळांना छापील अंक व अक्षरेही वाचता येतात, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. असा स्कॅनर विकत आणून छापील मजकुरावर धरला, तर तो बहुधा काहीच वाचत नाही. कारण अक्षरे वाचण्याची सोय कारखान्यातून निघताना सामान्यतः बंद ठेवलेली असते. ती सुरू करावी, तर तो कधी चुकीचे वाचतो, कधी अर्धवट वाचतो आणि कधी भलत्याच ओळीतला मजकूर उचलतो. अशा वेळी यंत्रच कुचकामी आहे असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. यंत्राने काय वाचावयाचे आहे हे आपण त्यास सांगितलेलेच नसते. हे सांगणे म्हणजेच स्कॅनरची जुळणी होय. तिचे स्वरूप काय, तिच्यावर कितपत विसंबावे आणि कोठे विसंबू नये, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. बारकोड आणि अक्षर

बारकोड हा मुळात यंत्रासाठीच निर्माण झालेला आहे. पुस्तकांच्या व वाणसामानाच्या वेष्टनांवर आढळणाऱ्या तेरा अंकी बारकोडात आरंभाची व शेवटाची खूण ठरलेली असते. रेघांनी दर्शविलेला प्रत्येक अंक सात समान भागांच्या रुंदीत, दोन काळ्या पट्ट्या व दोन कोऱ्या पट्ट्या ह्यांनी बनतो. आणि शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांचा पडताळा देतो. ह्यामुळे कागद फाटला किंवा शाई पसरली, तर यंत्र बहुधा मुकाट राहते. चुकीचा अंक देण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

अक्षराची गोष्ट निराळी. ते मनुष्याच्या डोळ्यासाठी घडविलेले आहे. मजकूर कोठे सुरू होतो व कोठे संपतो ह्याची खूण त्यात नसते. एखादी उभी रेघ हा एकचा आकडा आहे की रोमन ‘आय’ आहे, हे आपण संदर्भावरून ओळखतो. स्कॅनरपाशी असा संदर्भ नसतो. म्हणून बारकोडात जी शिस्त छपाईतच अंतर्भूत असते, ती अक्षरांच्या बाबतीत बाहेरून, म्हणजे जुळणीतून, पुरवावी लागते. ह्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

२. यंत्रासाठी घडविलेली अक्षरवळणे

अक्षरांचा हा दोष निदान अंशतः दूर व्हावा म्हणून यंत्रास सुलभ जातील अशी अक्षरवळणे तयार करण्यात आली. अमेरिकेत डेव्हिड शेपर्ड ह्यांनी १९५१ च्या सुमारास अक्षर वाचणारे यंत्र तयार केले, आणि १९५५ मध्ये रीडर्स डायजेस्ट ह्या मासिकाच्या कचेरीत असे यंत्र व्यावसायिक कामासाठी बसविण्यात आले. त्यानंतर यंत्र शहाणे करण्याबरोबरच अक्षर सोपे करण्याचाही मार्ग अवलंबिला गेला. १९६८ मध्ये पुढे आलेले ओसीआर-ए हे वळण ह्या मार्गाचे टोकाचे उदाहरण होय. त्यातील प्रत्येक आकृती दुसरीपासून ठळकपणे निराळी आहे. पण ती डोळ्यास कृत्रिम व कोनदार वाटते. त्याच सुमारास स्विस अक्षरकार आड्रियन फ्रुटिगर ह्यांनी ओसीआर-बी हे वळण सिद्ध केले. त्यात यंत्राची सोय सांभाळून वाचकाच्या डोळ्याचाही मान राखलेला आहे. धनादेशांच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेल्या अंकांचे ई-१३-बी हे तिसरे वळण. हस्त-स्कॅनर ते वाचतो तेव्हा शाईतील चुंबकत्वाशी त्याचा काहीच संबंध नसतो; तो केवळ आकृती पाहतो.

सामान्य हस्त-स्कॅनर अशी दोन-चार वळणेच ओळखतो. जुळणीची पहिली पायरी म्हणूनच वळण निवडण्याची. ‘सर्व वळणे चालू’ ही सोयीस्कर दिसणारी निवड टाळावी. वळणांची संख्या वाढली की प्रत्येक आकृतीला सदृश अशा उमेदवारांची संख्या वाढते, आणि तिच्याबरोबर चुकीची शक्यताही वाढते.

३. यंत्राच्या आत काय घडते

एकाच रेषेत किरण फिरविणाऱ्या जुन्या पद्धतीच्या लेसर स्कॅनरला अक्षरे वाचता येत नाहीत. कारण अक्षराला रुंदीप्रमाणे उंचीचीही रचना असते. त्यासाठी क्षेत्राची प्रतिमा टिपणारा स्कॅनर लागतो. हा प्रथम कागद उजळवून त्याचे छायाचित्र घेतो. मग ठराविक मर्यादेहून गडद तो बिंदू काळा व उरलेला पांढरा, अशी विभागणी करतो. काळ्या बिंदूंच्या समूहांतून ओळी शोधतो. दोन अक्षरांमधील कोऱ्या उभ्या फटींवरून ओळीची अक्षरे सुटी करतो. आणि प्रत्येक सुट्या आकृतीची निवडलेल्या वळणातील आकृतींशी तुलना करून सर्वांत जवळची ठरवितो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ‘सर्वांत जवळची’ आकृती नेहमीच सापडते. कागदावर डाग असला तरी तो कोणत्या तरी अक्षरास इतरांपेक्षा अधिक जवळ असतोच. तेव्हा आकृतींच्या तुलनेवरच सारे सोपविले, तर यंत्राला नकार देण्यास फारच थोडे कारण उरते. नकाराची शक्ती त्यास पुढील दोन साधनांनी येते : साचा आणि पडताळा अंक.

४. साचा

साचा म्हणजे अपेक्षित मजकुराच्या घडणीचे वर्णन. मजकुरात किती घरे आहेत, कोणत्या घरात अंकच हवा, कोणत्या घरात अक्षरच हवे, कोठे दोहोंपैकी काहीही चालेल आणि कोठे एखादे ठरलेलेच चिन्ह हवे, हे त्यात क्रमाने नोंदविलेले असते. प्रत्येक उत्पादकाची चिन्हे निराळी असली तरी कल्पना एकच आहे. साचा यंत्रात भरण्याची रीतही बहुतेक ठिकाणी सारखी असते. सोबतच्या पुस्तिकेतील जुळणीचे बारकोड एकामागून एक स्कॅन करावयाचे : प्रथम जुळणी सुरू करण्याचा, नंतर वळणाचा, नंतर साच्यातील एकेका घराचा, आणि शेवटी जतन करण्याचा. संगणकावरील प्रणालीतूनही हेच करता येते. भरलेला साचा कागदावर लिहून ठेवावा. यंत्रातून तो पुन्हा पाहणे नेहमीच सोपे नसते.

ग्रंथालयातील एक उदाहरण घेऊ. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, बारकोडाच्या वर ओसीआर-ए वळणात छापण्याचा प्रघात पडला होता, आणि काही जुन्या पुस्तकांवर बारकोड नसून केवळ क्रमांक आढळतो. तो वाचण्यासाठी साचा करावयाचा आहे. १ जानेवारी २००७ पूर्वी हा क्रमांक दहा घरांचा होता. त्यानंतर तो तेरा अंकांचा झाला. दहा घरांच्या क्रमांकात शेवटच्या घरी अंक किंवा रोमन ‘एक्स’ येतो; म्हणून ‘दहाही घरी अंक’ असा साचा केला, तर ‘एक्स’ने संपणारे सर्व क्रमांक यंत्र नाकारील. शिवाय हा क्रमांक तीन आडव्या रेघांनी चार भागांत तोडून छापतात, आणि ह्या रेघांच्या जागा प्रकाशकागणिक बदलतात. दहा अंक व तीन रेघा मिळून तेरा चिन्हे होतात. म्हणजे केवळ लांबीवरून पाहिले, तर रेघांसह छापलेला जुना क्रमांक व रेघांवाचून छापलेला नवा क्रमांक ह्यांत भेद राहत नाही.

आणखी एक सापळा आहे. नव्या क्रमांकाच्या आरंभी बहुधा ९७८ हे अंक येतात, त्यानंतर जुन्या क्रमांकाचे पहिले नऊ अंक तसेच राहतात आणि शेवटचा अंक मात्र निराळ्या रीतीने काढलेला असतो. आता स्कॅनरला दहा अंकांचाच साचा दिला आणि मजकुराच्या दोन्ही बाजूंस कोरी जागा असलीच पाहिजे ही अट घातली नाही, तर तो तेरा अंकांतील शेवटचे दहा उचलून देऊ शकतो. असा क्रमांक दिसावयास अगदी शिस्तशीर, पण बहुधा कोणत्याही पुस्तकाचा नसलेला! नोंदवहीत तो शिरला म्हणजे शोधून काढणे कठीण. कोऱ्या जागेची अट आणि पडताळा ह्या दोहोंनी हा दोष टळतो.

५. पडताळा अंक आणि त्याच्या मर्यादा

दहा घरांच्या आयएसबीएनमध्ये डावीकडून प्रत्येक घरास १०, ९, ८ असे उतरते भार देऊन गुणाकारांची बेरीज करतात. तिला ११ ने निःशेष भाग गेला पाहिजे. ११ ही मूळ संख्या असल्यामुळे कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला तर ती चूक येथे हमखास उघडी पडते. ह्याहून अधिक बोधप्रद उदाहरण पारपत्राचे आहे.

पारपत्राच्या माहितीपानाच्या तळाशी ओसीआर-बी वळणात दोन ओळी असतात. प्रत्येकीत ४४ चिन्हे. ह्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात ठरवून दिली असून त्याची पहिली आवृत्ती १९८० मध्ये निघाली. दुसऱ्या ओळीत क्रमाने पारपत्र क्रमांकाची नऊ घरे व त्याचा पडताळा अंक, राष्ट्रीयत्वाची तीन घरे, जन्मतारखेची सहा घरे व पडताळा, लिंगाचे एक घर, मुदतीच्या तारखेची सहा घरे व पडताळा, ऐच्छिक माहितीची चौदा घरे व पडताळा, आणि शेवटी एकत्रित पडताळा अंक असतो. रिकामी घरे कोनाकृती भरण-चिन्हाने भरतात.

पडताळ्याची रीत अशी : घरांना ७, ३, १ हे भार पुनःपुन्हा द्यावयाचे, गुणाकारांची बेरीज करावयाची व तिला १० ने भागून उरलेली बाकी घ्यावयाची. वानगीदाखल १९ जून १९६१ ही जन्मतारीख ६१०६१९ अशी छापली जाते. तिची बेरीज ४२ + ३ + ० + ४२ + ३ + ९ = ९९; म्हणून पडताळा अंक ९. शाई पसरल्यामुळे पहिला ६ हा ८ असा वाचला गेला तर बेरीज ११३ होते व बाकी ३ येते. छापील ९ शी ती जुळत नाही, आणि यंत्र मजकूर नाकारते.

मात्र स्कॅनरला ही रीत सांगितलेली असेल तरच हे घडते. साच्यात त्या घरी नुसता ‘अंक’ लिहिला, तर यंत्र तेथील ९ वाचते आणि पुढे सरकते. पडताळा छापलेला असूनही व्यर्थ जातो. पडताळ्याचे घर ते पडताळ्याचे म्हणूनच नोंदविले पाहिजे, अथवा पडताळण्याचे काम संगणकावरील प्रणालीकडे निश्चितपणे सोपविले पाहिजे. दोघांनीही ते दुसऱ्यावर टाकले आहे, असे मात्र होता कामा नये.

पडताळा अंक सर्वसमर्थ नाही, हेही सांगितले पाहिजे. पारपत्राच्या रीतीत रोमन अक्षरांना ‘ए’ पासून ‘झेड’ पर्यंत १० ते ३५ अशी मूल्ये दिली आहेत. त्यानुसार ‘जी’चे मूल्य १६ व ‘एस’चे २८ होते. ‘जी’ आणि ६ ह्यांच्या मूल्यांतील अंतर १०, तर ‘एस’ आणि ८ ह्यांतील अंतर २०. भार कोणताही असो, ह्या अंतराचा गुणाकार १० च्या पटीतच येणार, आणि बाकी जशीच्या तशी राहणार. म्हणजे क्रमांकातील ‘जी’ हे ६ असे किंवा ‘एस’ हे ८ असे वाचले गेले, तर त्या क्षेत्राचा पडताळा गप्प बसतो. एकत्रित पडताळाही त्याच भारांचा व त्याच भाजकाचा असल्याने तोही गप्प बसतो. दिसण्यात सारख्या असलेल्या ह्या जोड्या गणितातही सारख्या ठराव्यात, हा दुर्दैवी योगायोग होय. उलट ‘बी’ व ८, ‘ओ’ व शून्य, ‘एस’ व ५ ह्या घोटाळ्यांना पडताळा अडवितो.

येथे साचा उपयोगी पडतो. भारतीय पारपत्रांचा दीर्घकाळ रूढ असलेला क्रमांक म्हणजे एक अक्षर व त्यापुढे सात अंक. नववे घर भरण-चिन्हाचे. केवळ अशाच पारपत्रांसाठी यंत्र वापरावयाचे असेल, तर पहिल्या घरी अक्षर व पुढील सात घरी अंक असा साचा केल्यास ‘जी’ आणि ६ ह्यांचा गोंधळ संभवतच नाही. परंतु परदेशी पारपत्रे यावयाची असतील, अथवा क्रमांकांची घडण बदलली, तर हाच घट्ट साचा योग्य क्रमांकही नाकारील. साचा किती घट्ट ठेवावा ह्याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. ते ज्या सामग्रीसाठी यंत्र वापरावयाचे तिच्या अभ्यासातच सापडते.

पारपत्राची पहिली ओळ तर पूर्णपणे पडताळ्याबाहेर आहे. तीत देशाचा संकेत व धारकाचे नाव असते, आणि तिला एकही पडताळा अंक नाही. दुसऱ्या ओळीतील राष्ट्रीयत्व व लिंग ही क्षेत्रेही एकत्रित पडताळ्यात धरलेली नाहीत. तेव्हा ‘सर्व पडताळे जुळले’ ह्याचा अर्थ ‘नाव बरोबर वाचले गेले’ असा घेणे ही ढोबळ चूक होय. नावाचे एक अक्षर बदलले की यंत्राच्या दृष्टीने व्यक्तीच बदलते. हे क्षेत्र माणसाच्या डोळ्याखालून गेलेच पाहिजे.

६. उरलेल्या जुळण्या

ओळींची संख्या व मजकुराची दिशा ह्या गोष्टी साच्याइतक्या महत्त्वाच्या नसल्या तरी उपेक्षणीय नाहीत. सर्व दिशांनी वाचण्याची मुभा दिल्यास वेळ लागतो, आणि उलटा धरलेला ६ हा ९ म्हणून स्वीकारला जाण्याचा धोका वाढतो.

काही स्कॅनरांत एकच मजकूर ठराविक वेळा सारखा वाचला गेला तरच तो स्वीकारावा, अशी अट घालता येते. तिचा उपयोग व मर्यादा नीट ओळखल्या पाहिजेत. हाताचा कंप, प्रकाशाची चमक ह्यांमुळे होणाऱ्या चुका दर वेळी निराळ्या असतात. पुनर्वाचनाने त्या गळून पडतात. पण छपाईतच ८ चा एक कोपरा तुटला असेल, तर तो दहा वेळा वाचला तरी दहाही वेळा त्याच रीतीने चुकण्याचा संभव आहे. पुनर्वाचन म्हणजे पडताळा नव्हे.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष अनुभवास येण्यासारखा आहे. पुष्कळसे स्कॅनर संगणकाशी कळफलक म्हणून जोडले जातात. ते अक्षरे पाठवीत नसून कळांचे संकेत पाठवितात. संगणकावर त्या क्षणी मराठी कळफलक चालू असेल, तर यंत्राने बिनचूक वाचलेल्या रोमन अक्षरांच्या जागी पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटतात. असा दोष दिसला तर साचा बदलण्यापूर्वी कळफलक पाहावा.

७. देवनागरीचा प्रश्न

हाच स्कॅनर मराठी दाखल-क्रमांक किंवा मराठी शीर्षके का वाचत नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिले कारण सरळ आहे : ओसीआर-ए वा ओसीआर-बी ह्यांत देवनागरी आकृतीच नाहीत. दुसरे कारण खोल आहे. वर वर्णिलेली पद्धत दोन अक्षरांमधील कोऱ्या उभ्या फटीवर अवलंबून आहे. देवनागरीत शिरोरेघ संपूर्ण शब्द एकसंध करते, मात्रा व वेलांट्या अक्षराच्या वर जातात, उकार खाली येतात आणि जोडाक्षरांत आकृती एकमेकींत मिसळतात. ह्या अडचणींवर भारतीय संशोधकांनी दीर्घकाळ काम केले आहे, आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबला ह्यांचा देवनागरीच्या यांत्रिक ओळखीवरील निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज टेसरॅक्टसारख्या मुक्त प्रणाली छापील मराठी पृष्ठे वाचतात. परंतु तेथेही अपेक्षेचे तत्त्व सुटलेले नाही; साच्याचे काम तेथे मजकुराच्या मोठ्या संग्रहांवरून यंत्राने आत्मसात केलेल्या अक्षरक्रमाच्या सवयी करतात. फरक इतकाच की ही अपेक्षा आपण लिहिलेली नसते, म्हणून ती तपासणेही अवघड असते.

८. जुळणीची परीक्षा

जुळणी पूर्ण झाली म्हणजे ती स्वच्छ नमुन्यांवर तपासून समाधान मानू नये. झिजलेले, तिरपे धरलेले, चकचकीत आवरणाखालील व पुसट नमुने मुद्दाम निवडावेत. शिवाय यंत्राने नाकारलेच पाहिजेत असे काही सदोष नमुनेही त्यांत ठेवावेत. निकालांचे दोन नव्हे, तर तीन वर्ग करावेत : बरोबर वाचन, नकार आणि चुकीचे वाचन. नकार आणि चूक ह्यांची एकत्र बेरीज करून ‘अपयश’ म्हणून मांडण्याची सवय घातक आहे. यंत्राने नाकारलेला मजकूर माणूस हाताने भरतो व काम पुढे जाते. चुकीचा मजकूर मात्र बरोबर मजकुराच्या वेषात नोंदीत शिरतो आणि तेथेच राहतो. जुळणीत एखादा बदल केल्यावर नकार वाढले पण चुका नाहीशा झाल्या, तर तो बदल सामान्यतः सुधारणाच समजावा.

सारांश, ह्या यंत्राचा उपयोग करू इच्छिणाऱ्याने पुस्तिका उघडण्यापूर्वी मजकुराचे व्याकरण समजून घ्यावे : घरे किती, कोणत्या घरी काय येऊ शकते, कोणत्या क्षेत्रास पडताळा आहे व कोणत्यास नाही. हे कागदावर मांडता आले, तर जुळणी ही थोड्या वेळात उरकणारी गोष्ट आहे. ते मांडता आले नाही, तर कितीही किमती स्कॅनर आणला तरी त्याच्या वाचनावर विसंबता येणार नाही.